आरती आणि तायडे गुरुजींची दहा मिनिटं

सोमवार, संध्याकाळ. मलकापूर.

विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका म्हणून अकरा वर्षं एकेका मुलासमोर बसले. मुख्याध्यापिका होऊन पंधराच दिवस झालेत. आज चौथीच्या तायडे गुरुजींना चक्क म्हणाले, "छान बसलात हं!" मुलांना शाबासकी देणाऱ्या जिभेची सवय. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय.

नवी मुलगी आरती बोलत नाही, म्हणून ते तिला चौथीत घ्यायला तयार नव्हते. मी जुनीच युक्ती केली, काम लहान केलं. आज फक्त दहा मिनिटं बसू द्या, म्हटलं. गुरुजी तयार झाले, पण युक्ती ओळखून म्हणाले,

"मॅडम, मी काय तुमच्या जुन्या शाळेतलं पोरगं आहो काय?"

माझं "छान बसलात" त्यांनी शाळाभर केलं. खिचडी वाढणाऱ्या ताईसुद्धा म्हणाल्या, "छान उभ्या राह्यल्या हं, मॅडम!" हसले, पण आत धास्ती होती. माझ्या जिभेपायी आरतीचा वर्ग जाणार का?

शाळा सुटताना चौथीत डोकावले. आरती बाक बडवत होती आणि त्या ठेक्यावर सगळा वर्ग तेराचा पाढा म्हणत होता. तिची आई न्यायला दारात उभी. गुरुजी तिच्यावरच खेकसले, "थांबा न बाई! हे गेली तं बाकीच्या पोरायले पाढा कसा येईन?"