तोरीगाची रोपं

बेल्मिरोदादा,

हे पत्र मी ब्राझीलला धाडणार नाही. इथला पोस्टमास्तर झेफेरिनोकाकांचा मेहुणा आहे, तो फोडून वाचेल.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या तोरीगा द्राक्षाच्या वेली पिवळ्या पडल्या. बाबांनी एक मूळ उकरलं, तर त्यावर बारीक किड्यांचा थर! त्यांनी ते पुन्हा मातीत दाबलं.

"हर्मिनिया, कुणाला बोललीस तर याद राख."

हिवाळ्यात शेजारचे झेफेरिनोकाका मुळांसकट रोपं मागायला आले. "तुमच्यासारखी तोरीगा अख्ख्या दोउरू खोऱ्यात नाही हो!" नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून बाबांनी दिली. गाडीत मीच भरली.

काल काकांनी कुंपणावरून विचारलं, "पोरी, तुमच्या त्या रोपांची पानं पिवळी का गं पडताहेत?"

"पाणी कमी पडलं असेल," मी म्हटलं.

त्यांच्या मळ्याखाली उतारावर नदीपर्यंत अजून अकरा जणांचे मळे आहेत. अजून हिरवेगार.

तुझी,
हर्मिनिया