चार गोल खुणा

१८ नोव्हें., सोम.
संध्या. सौ.ची कंबर दुखते, तिला मशीननं करंट दिला. कंबर, दोन्ही बाजू. पॅड लावायच्या आधी ओल्या फडक्यानं पाठ पुसून घेतो, नेहमीचंच. तर कमरेवर चार खुणा. लालसर, गोल, वाटीच्या बुडाएवढ्या. दोन मणक्याच्या डावीकडे, दोन उजवीकडे. अंतर सारखं. ज्यानं लावलं त्याला लावता येतं.

माझे पॅड चौकोनी आहेत.

बटण फिरवलं, स्नायू उडाला, ती "हं" म्हणाली. रोज म्हणते तेवढंच. मशीन आवरल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी कुठं होतीस.
"चिखलीले. अस्तर आणलं ब्लाउजचं."
अस्तर दाखवलंसुद्धा. खरंच आणलं होतं.

१९ नोव्हें.
दुकानात पंपाच्या जळालेल्या दोन मोटरी बांधायला आल्या. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतं आणि वाइंडिंग जातं. दिवसभर तार गुंडाळली, डोक्यात खुणा. चिकटणाऱ्या गोल पॅडचा असा वण उठत नाही. हवा ओढून धरणाऱ्या रबरी वाट्या असतात, त्यांचा उठतो. तसलं मशीन अमडापुरात नाही. अमडापुरात मशीन एकच, ते माझं.
चिखलीत स्टँडच्या मागं फिजिओथेरपीचा दवाखाना निघालाय. हिरवी पाटी. येता-जाता पाहिली आहे, आत कोण बसतो पाहिलं नव्हतं.

२०
एका वेटोळ्याचे फेरे चुकले. पुन्हा उकललं. असं माझं होत नाही.

२२ नोव्हें., शुक्र.
दुकानात संध्याकाळी करंट घ्यायला नेहमीची माणसं. एकजण खांदा, दोघं गुडघे. कोणाकडून काही घेत नाही, घेणारही नाही. दहावी नापास माणसानं मशीनची इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी लावून वाचली, मोबाईलवर व्हिडिओ पाहून पॅडच्या जागा पाठ केल्या. हे गावाला माहीत आहे, म्हणून येतात.
आबा गुडघा पुढं करून बसले. सत्तरी ओलांडली, जिभेला हाड नाही. म्हणाले, "वाढव लेका. झन्न झालं पाह्यजे. उडल्याबिगर मजा नाई."
वाढवलं. उडालं. खूश.
मग उठता उठता, सगळ्यांसमोर: "काऊन बे, तुही बायको चिखलीच्या डॉक्टरकडं जाऊन राह्यली म्हणते. मंग आमी काऊन इथं बसाव?"
सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, अस्तर आणायला जाते. आबा म्हणाले, "हाव, कमरेले अस्तर लावून येते."
म्हणजे गावाला माहीत. मलाच नाही.

२५ नोव्हें., सोम.
सौ. जेवण उरकून चिखलीला. मलाही तांब्याची तार हवीच होती. (होती. खोटं नाही.) गाडी ओळखू येईल म्हणून मागच्या बसनं गेलो.
हिरव्या पाटीखाली, पायरीवर, चपला. लेडीज, चॉकलेटी. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता तो मी बारीक तारेनं शिवलेला आहे, उलट्या टाक्यानं, बोटाला टोचू नये म्हणून. तोच टाका.
समोर रसवंती, थंडीमुळं बंद. तिच्या बाकड्यावर बसलो. आत पडदा निळा. काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. आधी त्याचा आवाज, मग हिचं हसू. हलकं नव्हे, पोट धरून हसतात तसं. मध्ये एकदा "अगं बाई" पण.
एवढ्या वर्षांत माझ्या मशीनवर ती एकदाही हसलेली नाही. मशीन हसायला नसतं हे कबूल. पण मग तिथं कशाला?

तार न घेताच आलो. उद्या परत जावं लागेल.

२६
सौ.ला संध्याकाळी पॅड लावायला गेलो तर म्हणाली, आज राहू द्या, लग्नाचे ब्लाउज द्यायचे आहेत.
काल गोल खुणा, म्हणून आज चौकोनी नको. बरोबर आहे. एका दिवशी दोन मालक कसे चालतील.
(हे वाक्य वाईट आहे. खोडत नाही.)

२८ नोव्हें., गुरु.
विचारलंच. ती शिलाई मशीनवर बसली होती, मी दारात.
म्हणालो, त्याचं मशीन किती हर्ट्झचं आहे?
तिनं पाय पॅडलवरून काढला. दचकली नाही. जणू वाटच पाहत होती.
"मले काय माहीत हर्ट्झ. गार वाटते."
"माझ्यानं नाही वाटत?"
दोरा तोडला तिनं. दातानं. "तुमच्यानं दुखते."
"कधीपासून?"
"पयल्यापासून."
"मग सांगितलं काऊन नाही?"
"तुमी इचारता, उडालं का, उडालं का. दुखते का, हे कधी इचारलं? मी म्हणे, उडाला तर उडाला बापा, माणूस खूश होते."
मी म्हणालो, तो परका माणूस कमरेला हात लावतो, ते चालतं?
तेव्हा मात्र लाल झाली. "हात बाई लावते. त्याच्याकडं बाई आहे, पॅड तेच लावते. तो पडद्याभायेर उभा राहून बोलते. आन् बटण माह्या हातात देते. मी फिरवतो, मी थांबवतो. आजून काही इचारायचं?"
नव्हतं. पण राग गेला नाही. बाई हात लावते म्हणजे जळायचं कारण संपायला हवं. संपलं नाही. उलट वाढलं. हात नाही, काही नाही, नुसत्या बोलण्यावर हिची कंबर मोकळी होते.

२९
बोलणं बंद. जेवण वाढलं, जेवलो. भाजीत मीठ बरोबर होतं, सांगितलं नाही.

३० नोव्हें., शनि.
पुस्तिका पुन्हा काढली. दोन प्रकरणं. एक नसांचं, दुखणं मारायला. एक स्नायूंचं, लुळ्या पडलेल्या स्नायूला काम द्यायला. स्नायू उडताना दिसला पाहिजे, हे वाक्य दुसऱ्या प्रकरणात आहे. मी ते पहिल्याला लावत आलो. वरचं बटण दोन्हीकडे एकच, फक्त बाजूची खिटी सरकवायची. माझी खिटी कायम स्नायूवर.
छपाईच वाईट आहे. दोन्ही प्रकरणांना एकच चित्र. कोणीही फसेल.
मोटर बांधणारा माणूस फिरलं म्हणजे चाललं असंच समजतो. न फिरणारी मोटर मी चालू आहे म्हणून कोणाला परत केली आहे का?

२ डिसें., सोम.
सौ.च्या आधी गेलो. सकाळीच. माझी मान आखडते म्हणून सांगितलं. आखडते, खोटं नाही.
डॉक्टर म्हणजे पोरगाच, तिशीचाही नसेल. नखं कापलेली, हात धुतलेले. माझ्या बोटांवर वॉर्निश, ते रॉकेलनं घासूनही जात नाही. त्यानं बोटांकडं पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही मोटरी बांधता ना? काकूंचे मिस्टर?"
काकू म्हणतो तिला. म्हणू दे. काकू म्हटल्यानं काय होतं.
वर म्हणाला, "काकू सारखं सांगतात तुमचं. शिलाई मशीनला तुम्ही मोटर बसवली, पाय हलका दाबला की सुई एकेक टाका चालते. म्हणाल्या, बाजारात अशी मिळत नाही."
ते खरं आहे, मिळत नाही. ती मोटर बसवली त्या दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "आवाज कमी झाला." एकेक टाक्याचं कौतुक इथं, निळ्या पडद्यात. कौतुक माझं, ऐकतो तो.
पॅड लावल्यावर बटण त्यानं माझ्या हातात दिलं. मी फिरवलं. खांदा उडाला. त्यानं हात पुढं केला नाही, तोंडानंच म्हणाला, "काका, एवढं नको. झिणझिण्या आल्या की पुरे."
मी म्हणालो, उडालं नाही तर लागलं हे कळणार कसं?
"तुम्हाला कळेल ना. मला कळून काय उपयोग?"
याला चांगलं उत्तर आहे. मला ते येताना, बसमध्ये सुचलं. इथं लिहीत नाही.
कमी केलं. मान खरंच सैल पडली. हे त्याला सांगितलं नाही.

३ डिसें.
आबांना खिटी नसांवर सरकवून करंट दिला. हळू. आबा गुडघ्याकडं पाहत बसले. "बंद पडलं का बे तुहं डबडं?" म्हटलं, चालू आहे, दुखणं कमी वाटतं का सांगा. "उडत तं काहीच नाई." दुसऱ्या गुडघ्याला स्नायूवर द्यायला लावलं, तेव्हा उठले. जाताना म्हणाले, डॉक्टरनं शिकवलं का रे.
कोणी पाहिलं मला तिथं? सौ.नं सांगितलं असेल? तिला त्यानं सांगितलं असेल? म्हणजे काल दुपारी पडद्यात माझ्यावर हसणं झालं असणार.

५ डिसें., गुरु.
तिला माहीत आहे. विचारलं नाही, दिसतं. आज चहा ठेवताना म्हणाली, "मान कशी आहे?" नुसतं तेवढंच. तोंड चुलीकडे.
म्हणालो, बरी.
"बटण हातात दिलं का तुमच्या?"
"दिलं."
"मंग?"
मी चहा प्यालो.

८ डिसें., रवि.
मशीन पुसलं. चौकोनी पॅड जुने झालेत, कडा उचलतात, नवे मागवायचे. खिटी नसांवर. ती ब्लाउजला हुक लावत होती, तिच्या शेजारी नेऊन ठेवलं.
"लावू?"
तिनं हुक पूर्ण केला. मग पाठ केली. पॅड लावले. बटण तिच्याकडं दिलं, तर घेईना. "तुमीच फिरवा," म्हणाली. मी म्हणालो, नको, तू. मग घेतलं. हळूहळू फिरवलं. एका जागी थांबली.
दुखते का, असं विचारायचं होतं. तोंडातून "उडालं का" एवढं येता येता परत गेलं. उशिरानं विचारलं, "दुखते का?"
"नाई."
"गार वाटते?"
"तिथल्यासारखं नाई." मग, थोड्यानं, "पण बरं हाय."
तिथल्यासारखं नाही. म्हणजे तिथं अजून आहेच काहीतरी. हर्ट्झ तेच, पॅडची जागा तीच, मी मोजून लावली. राहिलं काय, ते मला माहीत आहे. ते मला येत नाही. मी तिला हसवायला काय बोलू? वाइंडिंगचं बोलू?
एक सांगून पाहिलं, आबांना डबडं बंद पडलंसं वाटलं ते. हसली नाही, पण तिची पाठ हलली. पॅड हलू नये म्हणून आवरलं असेल. किंवा हसलीच असेल. मागून दिसत नाही.

पॅड काढताना म्हणाली, "उद्या सोमवार. गाडीवर सोडून देता का चिखलीले?"
हो म्हणालो. पायरीपर्यंत की पडद्यापर्यंत, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.