बाबांचा तिसरा गुण

दादा,

काल आमच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी तुला फोन करून "लगेच निघा" म्हणून सांगितलं, त्यात एक चूक झाली.

बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आहे. अशा पेशंटच्या जिवाला किती धोका आहे हे ठरवायला आम्ही डॉक्टर सुरुवातीलाच गुण मोजतो. वय, श्वास, रक्ताची तपासणी आणि माणूस भानावर आहे की नाही, असं सगळं बघतो. शाळेच्या उलट, इथे जितके कमी गुण तितकं बरं. बाबांना दोनच मिळाले होते. मग भान तपासायला त्या शिकाऊ पोरीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, ही कोण?"

बाबा म्हणाले, "हा आमचा ढब्या."

झालं! बाबांना भ्रम झालाय असं समजून तिने तिसरा गुण चढवला आणि घाबरून तुला फोन लावला. तू घर सोडल्यापासून बाबा मला तुझ्याच नावाने हाक मारतात, हे त्या बिचारीला काय माहीत! "ढब्या, पंखा लाव" म्हटलं की मीच उठते. तो गुण मी लगेच खोडायला लावला. आता बाबा उशीवरून नर्सशी हुज्जत घालतायत. धोका कमी आहे.

हे तुला कळवायला हवं. पण कळवलं की तू म्हणणार, "मग सुट्टीत येतो." म्हणून हे पत्र माझ्या पर्समध्येच राहील.

मगाशी बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कित्येक वर्षांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "ढब्या निघाला का गं?"

तुझ्या नावाला ओ देऊन दमलेली,
तुझी धाकटी