सर बसतील, पण बोलणार नाहीत

सर, आज तुमच्यावर आठशे शब्द लिहून दिले. सहापर्यंत हवे होते, मी त्याआधीच पाठवले. इतकी वर्षं वर्तमानपत्राचं क्रीडा पान सांभाळल्यावर माणसाला कशावरही आठशे शब्द लिहिता येतात, तुमच्यावरसुद्धा. गिरगावातलं घर, कंपनीतली कारकुनी, परळच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात घालवलेल्या संध्याकाळी, सगळं बेतशीर बसलं. निमित्त असं की आपल्याकडे आता बास्केटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली आहे. थंडगार हॉलमध्ये सामने होतात, प्रत्येक बास्केटला गाणं वाजतं, आणि आपण जिला बाद फेरी म्हणायचो तिला आता सगळे प्ले-ऑफ म्हणतात. या प्ले-ऑफमधल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला तुमच्या नावाचा चषक देणार आहेत. तुमचं नाव वाचून आमच्या तरुण संपादकाने विचारलं, "हे कोण, ताई?" मी म्हटलं, "माझे सर." तो म्हणाला, "मग तुम्हीच लिहा की." इतकं सोपं होतं ते त्याच्यासाठी.

लिहायला बसण्याआधी लीगच्या समितीतून फोन आला. तुमच्या कंपनीच्या संघातली ती उंच मुलगी आठवते? ती आता समितीवर आहे, केस पांढरे झालेत, आवाज तसाच खणखणीत. म्हणाली, "अगं, लेखात ती खुणांची गोष्ट घे हं. चषक देताना आम्ही तीच वाचून दाखवणार आहोत." मी विचारलं, "कुठली गोष्ट?" "असं काय करतेस? सर आमच्या बाजूला आले तेव्हा फायनलच्या आधी त्यांनी तुम्हाला निरोप पाठवला होता ना, की पोरींनो, तुमच्या सगळ्या खुणा मला पाठ आहेत, बदलून घ्या. आणि तुम्ही बदलल्याच नाहीत! काय सरळ माणूस होता गं." मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. "सरांनीच. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले होते, तेव्हा." मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

सर, तुम्ही निरोप पाठवला नव्हता.

तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही खेळ शिकलो, हे मी लेखात लिहिलं आहे, वाचणाऱ्यांना ते आवडेल. चाळीतल्या दोन खोल्या, आतल्या खोलीत काळी लादी, आणि रविवारी सकाळी आम्ही पाच जणी भिंतीला टेकून बसलेल्या. पाच वाट्या म्हणजे आम्ही, पाच पेले म्हणजे समोरच्या, आणि लिंबू म्हणजे चेंडू. तुम्ही गुडघ्यांवर बसून वाट्या सरकवताय आणि काकू वरून म्हणताहेत, "अहो, तुमचा संघ जरा उचला, मला कोशिंबीर वाढायचीय." तुम्ही मान वर न करता म्हणता, "दोन मिनिटं. सेंटर अडकलाय." "मग त्या सेंटरमध्येच घाला कोशिंबीर." डाव ज्या दिवशी शिकवलात त्या दिवशी चुलीवर जे असेल ते त्याचं नाव. झटपट धावून जायचं ते पोहे. चेंडू फिरवत फिरवत वेळ काढायचा ती आमटी. मैदानावर आमची कॅप्टन "आमटी, आमटी!" ओरडायची आणि समोरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. प्रत्येक नावाची एक हाताची खूणही होती, कारण अंतिम सामन्यांना गोंगाट असतो, असं तुम्ही म्हणायचात. तोवर आम्ही एकही अंतिम सामना पाहिला नव्हता.

भाजणीचा डाव शिकवलात त्या दिवशी काकू खरोखरच भाजणी भाजत होत्या, खोलीभर धन्याजिऱ्याचा वास होता. चार वाट्या उजवीकडे गेल्या, गर्दी केली, लिंबूही तिकडेच गेलं. पाचवी वाटी, म्हणजे मी, बास्केटच्या मागून रेषेला धरून डाव्या कोपऱ्यात पळाली, आणि लिंबू तिथे येऊन थांबलं. तुम्ही म्हणालात, "हा रोज खेळायचा नाही. हा ठेवणीतला. ज्या दिवशी दुसरं काहीच उरणार नाही त्या दिवशी." मग माझ्याकडे बोट केलंत. "आणि हा हिचा." मला घरात, शाळेत, कुठेच माझं म्हणून काही नव्हतं तेव्हा. लालबागच्या एका खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो. मैदानाचा तो डावा कोपरा तुम्ही मला दिलात आणि मी तो वर्षभर कुणाला दाखवला नाही.

रद्दीच्या दुकानातून तुम्ही परदेशी मासिकं आणायचात आणि अमेरिकेतल्या लीगबद्दल सांगायचात. तिथे बाद फेरीत तेच दोन संघ पुन्हा पुन्हा भिडतात, सात सामने होऊ शकतात. कॅप्टनने विचारलं होतं, "कंटाळत नाहीत, सर?" तुम्ही म्हणालात, "सातव्या सामन्यापर्यंत एकमेकांचं काही लपलेलं राहत नाही. मग कळतं कोण कसा आहे ते." आम्ही माना डोलावल्या. आमच्या शहराच्या लीगमध्ये एकच सामना असायचा, ऑफिसांचे संघ आणि आमच्यासारखे मैदानावरचे क्लब एकत्र खेळायचे, आणि क्लब सहसा साखळी फेरीतच घरी जायचे. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. उपांत्य सामना जिंकलो तेव्हा तुम्ही खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसलात, कितीतरी वेळ. दुसऱ्या उपांत्य सामन्यात तुमच्याच कंपनीचा संघ जिंकला. त्यात काही अडचण आहे, असं आम्हाला सुचलंही नाही.

मग तुम्ही सरावाला आला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कॅप्टन तुमच्या कंपनीसमोर जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळी मैदानावर येऊन कट्ट्यावर बसली. "सर त्यांच्या बाकावर बसतले," ती म्हणाली. घाबरली की ती मालवणीत बोलायची. साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं म्हणे, नोकरी इथली आणि शिकवणी तिकडची, हे चालायचं नाही, अंतिम सामन्याला आपल्या संघाबरोबर बसा. कुणीतरी रडायला लागलं. कॅप्टन म्हणाली, "रडान काय होतला? खुणा बदलूया. आजच्या आज." आणि मी उभी राहिले. मला ते अजून दिसतं, संध्याकाळचं पिवळं ऊन, कडेला मांडवाचे बांबू रचलेले, आणि मी हात उंचावून भांडते आहे. मी म्हटलं, नोकरी आहे, बसावं लागेल, पण त्यांनी आपल्याला शिकवलंय. "सर बसतील, पण बोलणार नाहीत." कॅप्टन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू सांगतंस म्हणून." खुणा बदलणं म्हणजे तुम्हाला चोर म्हणण्यासारखं होतं. ते आम्हाला कुणालाच करायचं नव्हतं, मी फक्त मोठ्याने म्हटलं.

सामन्यात पहिला अर्धा वेळ तुम्ही खरंच गप्प होतात. हात मांडीवर ठेवून, कंपनीचा निळा शर्ट घालून, जमिनीकडे बघत. मी एकदा कॅप्टनला कोपराने ढोसलं, बघ म्हणून. नंतर आम्ही पुढे जायला लागलो. तुमचे साहेब मागच्या रांगेतून उठून तुमच्या कानाशी काही बोलले. त्यानंतर आमचे पोहे थांबले. कॅप्टन ओरडायच्या आधीच समोरच्या मुली मागे पळत होत्या. आमटीत दोनदा चेंडू हिसकावला. मला वाटलं, आपण दमलोय. खरंच तसंच वाटलं मला, सर. शेवटी एका गुणाने मागे होतो, चेंडू आमच्याकडे होता, आणि कॅप्टनने माझ्याकडे पाहून मूठ फिरवली, काकू कढईत उलथनं फिरवायच्या तशी. चौघी उजवीकडे गेल्या. मी रेषेला धरून पळाले. डाव्या कोपऱ्यात ती उंच मुलगी आधीच उभी होती. चेंडू कुठे आहे हे ती बघतही नव्हती, ती माझी वाट बघत होती. चेंडू माझ्याकडे आला आणि तिने तो हातातली पिशवी घ्यावी तसा घेतला. मी बाकाकडे पाहिलं. तुम्ही उभे होतात आणि तुमचा हात डाव्या कोपऱ्याकडे होता.

लेखात मी हा सामना एका ओळीत आटोपला आहे. आम्ही पाच जणी त्यानंतर पुन्हा एकत्र खेळलो नाही, हे लिहिलं नाही. कुणी मला बोल लावला नाही, हेही नाही. कॅप्टनने तर कधीच नाही. तिने बोलावं म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस तिच्या दारावरून जात होते.

तुम्ही मात्र बोललात. दादरच्या बाजारात काकूंबरोबर भेटलात, हातात भाजीची पिशवी. मी वळणार होते. "काय गं, ओळख विसरलीस?" "नाही सर." "रागावलीयस." तेव्हा तुम्ही मैदानावरच्या आवाजात म्हणालात, "ज्याला आपला डाव माहीत आहे त्याच्यासमोर तो डाव खेळायचा नाही. एवढं साधं. खुणा बदला, हेसुद्धा मी येऊन सांगायला हवं होतं का?" आजूबाजूला माणसं मेथीचा भाव करत होती. काकू म्हणाल्या, "अहो, पुरे." तुम्ही म्हणालात, "शिकू दे तिला." मी शिकले. पुढे ऑफिसात कुणी बातमी दिली तर दोन ठिकाणी विचारल्याशिवाय छापली नाही. लोक त्याला माझी शिस्त म्हणतात. तिचं कौतुकही होतं.

म्हणून निरोप आला नव्हता हे मला पक्कं ठाऊक आहे, सर. येऊन सांगायला हवं होतं का, हे तुमच्याच तोंडून ऐकलं आहे. साहेबांपुढे तुमचं काही चाललं नसेल, हे मी पंचविशीतच समजून घेतलं होतं. मीही नोकरी केली आहे, नको त्या मथळ्याखाली माझंही नाव गेलं आहे. ते जुनं झालं होतं. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तुम्ही तिला वेगळंच सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही आमचा सामना हिरावून घेतला होतात. या गोष्टीत तुम्ही सरळ माणूस झालात आणि आम्ही पाच जणी, सांगूनही न ऐकणाऱ्या मूर्ख मुली. आणि ही गोष्ट आता दरवर्षी माइकवरून वाचली जाणार.

कॅप्टनला फोन केला. ती शीवला असते, गुडघे गेलेत, नातीला शाळेत सोडायचं काम तिच्याकडे. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे येडे आपणच?" मागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "काय लिहू?" "माका काय विचारतंस? झाला ता लिही. धंदो तुझो तो." आणि फोन ठेवता ठेवता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, म्हणाली, "तू म्हणालेलंस, सर बसतील, पण बोलणार नाहीत. माकाही तसाच वाटला होता गो. म्हणून ऐकलंय."

तेव्हा मी लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य घातलं. "अंतिम सामन्यापूर्वी त्यांनी जुन्या संघाला खुणा बदलण्याचा निरोप दिला होता, अशी एक गोष्ट सांगितली जाते, मी त्या संघात होते, असा निरोप आला नव्हता." विशेषण एकही नाही. संपादकाचा लगेच फोन. "ताई, लेख सुंदर आहे. ती एक ओळ काढू का? चषकाचा प्रसंग, जरा कडू लागतेय." मी म्हटलं, "राहू दे." "समितीवाले चिडतील." "चिडू देत. चूक असेल तर खुलासा छापू." तो हसला. ओळ राहिली. उद्या सकाळी छापून येईल आणि त्या उंच बाईचाही फोन येईल. तिच्याशी मला भांडायचं नाही, तिने तुमच्यावर विश्वास ठेवला इतकंच. दुपारभर मनात येत होतं की तुम्ही ती गोष्ट रचलीत, म्हणजे तसं घडायला हवं होतं हे तुम्हालाही कळलं असावं. पण ते तुम्ही तिला सांगितलंत, सर. लालबाग तुमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर होतं आणि मी तिथेच होते.

बाजारातल्या त्या भेटीनंतर काकू एकट्या आमच्या घरी आल्या होत्या, तुम्हाला माहीत होतं की नाही कोण जाणे. भाजणीचा डबा आईच्या हातात दिला, "हिला थालीपीठं लावून द्या," म्हणाल्या, आणि चहा न घेता निघाल्या. मी आईला सांगितलं, त्यातलं मी खाणार नाही. आई म्हणाली, "पिठान तुझा काय वाईट केल्यान?" मी भिंतीकडे तोंड करून बसले. सगळ्यांनी खाल्लं, माझ्या वाटणीचं झाकून ठेवलं. ते आई पाण्याला गेल्यावर मी खाल्लं, गारच, आणि डब्यातलं चिमूटभर पीठही तोंडात टाकलं. काकूंना हे कधी कळवलं नाही. तुम्हाला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं.