विसरलेलं वजाचं चिन्ह

सुरत, १२ फेब्रुवारी १९९६

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मूलकणांवरच्या सरांच्या शोधनिबंधात माझं नाव येणार, हे तुम्ही सगळ्या क्वार्टरमध्ये सांगितलंत. निबंध परदेशी पाठवला तेव्हा सरांनी वर्गात घारी, ही इथली तुपातली मिठाई, वाटली.

आज सकाळी त्या निबंधातलं माझंच गणित पुन्हा करून पाहिलं. एका ओळीत मी वजाचं चिन्ह विसरलेय, बाबा. सगळं उत्तरच उलटं येतंय. सर मला काढून टाकतील का? गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही.

तुम्ही माझं पत्र शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता ना, म्हणूनच हे लिहिलंय. पेटीत टाकलं की मला गप्प बसता येणार नाही. मग तशीच सरांकडे जाते.

तुमची घाबरलेली,
संघमित्रा