काकांना पाठवलेला मेसेज

२० जून २०२४
काल सकाळी नरखेडजवळ, काकांच्या संत्र्याच्या बागेत, कुंपणाच्या तारेला चिकटून शेजारच्या शेतावरचे देवरावभाऊ पडले. आज नागपुरात आणले. शुद्ध नाही.
काकांचा फोन. "रातीच लाइन गेली होती वं. बटण तसंच चालू राह्यलं. सकाळी आठले लाइन आली अन्..."
रानडुकरांसाठी मी बसवलेलं झटका मशीन तीन आठवडे माझ्याकडे नागपुरात सक्करदऱ्याला दुरुस्तीला पडून आहे. त्याचा झटका क्षणाचा. माणूस मागे फेकला जातो, मरत नाही. ते नाही म्हणून काकांनी पंपाची लाइन थेट तारेला जोडली. २३० व्होल्ट. हात सुटत नाही.

२१ जून
मिहानमधलं ऑफिस. काम झालं नाही. मशीनचा एक कपॅसिटर बदलायचा होता. वीस मिनिटं.
१२ तारखेचा माझा मेसेज पुन्हा वाचला: "काका, थेट लाइन जोडू नका. डुक्कर नाही, माणूस मरेल. मशीन रविवारी आणते." खाली काकांचा 👍.
रविवारी गेले नाही.

२३ जून
काका, काकूंबरोबर वकिलांकडे. देवरावभाऊ गेले, तर: निष्काळजीपणा धरला तर दोन वर्षांपर्यंत. १ जुलैच्या नव्या कायद्यात तेच पाच. मरण येऊ शकतं हे माहीत असून केलं असं ठरलं तर दहापर्यंत, जुन्यातही, नव्यातही.
काकू: "म्हणजे तीस तारखेच्या आत जर..."
सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही तोच हिशेब केला होता.
वकील म्हणाले, घटना जूनमधली, शिक्षा जुन्याच कायद्याने. "पण यांना माहीत होतं, असा काही पुरावा नाही ना?"
मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

२४ जून
काकूंचा फोन. "तू लिवलं काहून वं असं? तोंडानं सांगतलं असतं. तुले सारं लिहूनच लागते. पुसून टाक. यायनं त्यायच्या फोनातलं पुसलं."
म्हटलं, पुसलं तरी सापडतं.
"मंग फोन विहिरीत पडला म्हण. आमच्या इथं सगळ्यायचे पडतात." हसल्या. मग रडल्या.

२७ जून
हॉस्पिटल. देवरावभाऊंची बायको बाकावर. "इंजिनेरबाई, तुमच्या तारेले मी सोता हात लावला होता. नुसता झटका बसला. मंग यायले काहून धरून ठेवलं तिनं?"
उत्तर मला येत होतं. म्हटलं, डॉक्टरांना विचारते.
उतरताना जिन्याचा लोखंडी कठडा धरवेना.

३० जून
मेसेज दाखवला तर मी सुटते, काका दहाच्या कलमात. वय बासष्ट. नाही दाखवला तर मशीन माझं, उशीर माझा. कोणासाठी घाबरते आहे, ते लिहायला बसले होते.

१ जुलै
सकाळी सात-दहाला देवरावभाऊ गेले.
पोलीस ठाण्यातून फोन: उद्या अकराला या. मशीन आणा. मोबाइलही.
दुपारी काका एसटीने आले, एकटे. पाणी दिलं. पिऊन म्हणाले, "तुया मेसेज मी तवा वाचलाच नव्हता वं. चश्मा नव्हता. सगळ्यायले देतो तसा अंगठा देल्ला, बस. उद्या हे सांगजो त्यायले."
खरं असेल. काका लग्नपत्रिकेलाही अंगठा देतात, मयतीच्या निरोपालाही. किंवा वकिलांनी शिकवलं असेल. विचारलं नाही.
"सांगशीन नं?"
मशीन पिशवीत भरलं. मोबाइल चार्जिंगला आहे. काका अजून बाहेरच्या खोलीत बसलेत.