साहेबांच्या गळ्यातला नाला

सोम., ३ नोव्हें.
दिवाळीपासून लिहिणार-लिहिणार म्हणतोय. आळस, दुसरं काय. शिवाय मधेच पेठच्या डोंगरांत भटकायला गेलो, एका दिवसाचा आठवडा झाला.
आज मामासोबत फुलबाजारात. व्यापाऱ्यानं मामाच्या मळ्यातल्या झेंडूचं क्रेट हुंगलं आणि परत ढकललं. "गटाराचा वास मारतोय, भाऊ." ताजी दिसावीत म्हणून आम्ही फुलांवर पाणी मारतो. पाणी विहिरीचं, विहीर नाल्याकाठी, नाल्यात वरच्या सोसायट्यांचं सांडपाणी. झालं.

गुरु., ६
रविवारी वॉर्डात सभा. निधी एकच. नाल्याचं पाणी शुद्ध करायचं की रस्ता काँक्रीटचा, हात वर करून सांगायचं.
नाल्यासाठी हात वर करा म्हणत दारोदार फिरलो. वरच्या सोसायटीतल्या कुलकर्णीकाकू, रोज मामाकडून देवाला फुलं नेतात. म्हणे, "नाला मागच्या भिंतीपलीकडे आहे रे. खिडकी लावली की झालं."
आणि मामा? तोही रस्त्यावाला!
"टेंपो फसतो माझा, भाचेबुवा. नाल्यासाठी मागं पण पैसं आलं व्हतं. कुठं गेलं? रस्ता निदान डोळ्याला दिसतो."
त्याचं खोटं नव्हतं. म्हणून जास्तच पेटलो.
झाड लावताना फोटोला सगळे पुढे. खर्चाचं नाव काढलं की...

रवि., ९
सभेचे हार मामानंच माझ्यावर सोपवले. केले. पाणी मात्र थेट नाल्यातलं मारलं. बादलीभर.
पहिला हार महापालिकेच्या साहेबांच्या गळ्यात घातला. हसता हसता थांबले. पहिल्या रांगेत काकूंनी पदर नाकाला लावला. मी माईक ओढला, "घाबरू नका, तुमच्याच बाथरूमचं आहे!"
जरा जास्त झालं. असू दे. गोंधळात हात मोजायचे राहिले, सभा पुढच्या रविवारवर गेली.
मामा घरी येऊन एवढंच, "भर सभेत माझ्या फुलाला नाव ठेवलंस. आता कोन घेईल?"

सोम., १०
सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही. मामा भाकरी मात्र रोजच्यासारखीच वाढतो. ते जास्त लागतं.
तरी माफी मागणार नाही. वास मी केला नाही. होता तो फक्त व्यासपीठावर नेला. पुढच्या रविवारी परत ने—
थांब. बांधावर कोणीतरी.
कुलकर्णीकाकू! साडी खोचलेली, हातात रिकामी परडी. मामाला म्हणतायत, "फुलं राहू द्या. आधी तो नाला दाखवा."
मामा चप्पल शोधतोय.